चाललेल्या वाटेवरच धाव

पुणे,
ऑक्टोबरअखेर

प्रिय भाचीस,


फेब्रुवारीतल्या डोंगरशर्यतीत 25 किलोमीटरला नाव घातलंस हे ताईकडून कळलं, आणि पाठोपाठ तुझा निरोपही आला: "मावशी, भीमाशंकरच्या रानातल्या वाटांच्या फाइली पाठव, घड्याळात टाकते आणि रविवारपासून सुरू करते." नाव घातलंस याचा मनापासून आनंद झाला. रस्त्यावरच्या अर्ध्या मॅरेथॉन तू नेटानं पळतेस, दम आहे, शिस्त आहे. फाइली मात्र आज पाठवत नाही. त्याऐवजी हे पत्र सावकाश वाच. त्यातली एकच गोष्ट लक्षात राहिली तरी चालेल: ज्या वाटेवर तू चालली नाहीस, त्या वाटेवर धावायचं नाही.

याचं कारण अगदी साधं आहे. डांबरी रस्त्यावर पळताना नजर लांबवर जाते, पाय आपलं काम करत राहतात. रानवाटेवर तसं होत नाही. दगड, मुळं, पाचोळ्याखाली दडलेला खड्डा यांमुळे धावणाऱ्याची नजर पुढच्या दोन-तीन पावलांवर खिळलेली असते. फाटा कुठे फुटला, ढोरवाट कुठून आत शिरली, डावीकडचा कडा किती जवळ आला, हे तिला दिसत नाही. ते आधीपासून ठाऊक असावं लागतं, आणि ठाऊक होण्याचा एकच उपाय म्हणजे ती वाट चालणं. घड्याळातली रेघ तुला दिशा दाखवील. पण दाट झाडीत आणि कड्याच्या पोटाशी तीच रेघ पंधरा-वीस मीटर इकडेतिकडे सरकते, आणि घाटवाटेवर तेवढ्या अंतरात वाट संपून दरी सुरू झालेली असते.

आता या रानाविषयी. भीमाशंकर अभयारण्य 1985 साली जाहीर झालं. त्याचं क्षेत्र 130.78 चौरस किलोमीटर, आणि ते पुणे, ठाणे, रायगड अशा तीन जिल्ह्यांत पसरलं आहे. म्हणजे सह्याद्रीची धार, तिच्या पूर्वेचं घाटमाथ्याचं रान आणि पश्चिमेला कोकणात कोसळणारे उतार, असं सगळं त्यात येतं. ही जमीन कशी घडली हे समजलं तर तुझं पळणंही सुधारेल. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून दख्खन उभं राहिलं. त्यातले काही थर कठीण, काही तुलनेनं मऊ. कठीण थराचा उभा कडा झाला आणि मऊ थर झिजून उतार नि सपाटी झाली. म्हणून इथला चढ एकसारखा कधीच नसतो. एक खडा टप्पा, मग पदर म्हणजे मधली सपाटी, मग पुन्हा खडा टप्पा. पदरावर धावायचं आणि खड्या टप्प्यावर कमरेवर हात ठेवून चालायचं, हीच इथली लय आहे. खड्या चढावर चालण्यात कमीपणा नाही. कसलेले डोंगरधावकही तिथं चालतात, कारण तिथल्या पळण्यानं वेग फारसा वाढत नाही, दम मात्र संपतो.

सुरुवात भोरगिरीच्या वाटेनं कर. राजगुरुनगरहून चास, वाडा करत भीमेच्या काठानं गाडी भोरगिरीला पोचते. गावाच्या डोक्यावर छोटा किल्ला आहे, नदीकाठी कोटेश्वराचं देऊळ आहे. तिथून भीमाशंकरापर्यंतची वाट सात-आठ किलोमीटरची, बरीचशी गर्द झाडीतली, चढ बेताचा. शेवटच्या टप्प्यात गुप्त भीमाशंकर लागतं. तिथे थोडी थांब. पुढे पंढरपुरात जिला आपण चंद्रभागा म्हणतो आणि जी साडेआठशेहून जास्त किलोमीटर वाहून कृष्णेला मिळते, ती भीमा इथे एका उडीत ओलांडता येईल एवढीच असते. या वाटेवर शिकायचं ते ओढे ओलांडणं आणि फाटे ओळखणं. ऐन झाडीत ढोरवाटा मुख्य वाटेइतक्याच मळलेल्या दिसतात. खूण अशी की ढोरवाट झुडपांखालून जाते आणि फांद्या कमरेच्या उंचीवर आडव्या येतात. माणसांच्या वाटेवर डोक्यापर्यंत मोकळं असतं, कारण माथ्यावर मोळी घेऊन जाणाऱ्यांनी ती मोकळी ठेवलेली असते. चालताना हे सहज दिसतं, धावताना कधीच नाही.

ही वाट ऊन-सावलीसकट ओळखीची झाली की खांडसची बाजू. कर्जतहून कशेळे, तिथून खांडस. इथून वर यायला दोन वाटा आहेत. गणेश घाट लांबचा पण सरळ मनाचा. वाटेत गणपतीचं देऊळ लागतं आणि पदरगडाचा सुळका बराच वेळ सोबत करतो. शिडी घाट जवळचा, पण त्यात कातळाला लोखंडी शिड्या लावलेल्या आहेत आणि शिड्यांच्या मध्ये हातांनी दगड धरत चढायचं आहे. दोन्ही वाटा वर पदरावर एकत्र येतात, मग शेवटचा दमछाक करणारा चढ. खांडस कोकणपट्टीवर आणि देऊळ नऊशे मीटरच्या वर, म्हणजे चढ साधारण आठशे मीटरचा. गणेश घाटानं चढणं आणि त्याच वाटेनं उतरणं हा तुझ्या शर्यतीसाठी उत्तम सराव आहे. शिडी घाट मात्र तुझ्या यादीतून कायमचा खोडून टाक. ती चढाईची वाट आहे, धावण्याची नव्हे. शिडीवर घाई करणाऱ्याचा पाय चुकला तर खाली कातळच आहे, आणि मागून येणाऱ्यांच्या अंगावर दगड जातात ते वेगळंच. आहुप्याचा घाटही तूर्त मनात आणू नकोस. आहुपे गावच्या कड्यावरून समोर गोरखगड, मच्छिंद्रगड दिसतात ते पाहायला जरूर जा, तिथली देवराई पाहा. पण मुरबाडकडे कोकणात उतरणारी ती वाट खडी, घसाऱ्याची आणि कमी वर्दळीची आहे.

चालायला जाशील तेव्हा वेळेचा हिशोब कागदावर मांड. स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नाइस्मिथ यांनी 1892 मध्ये मांडलेला ठोकताळा अजून उपयोगी पडतो: दर पाच किलोमीटरला एक तास, आणि वर दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. खांडसची वाट आठ किलोमीटर आणि आठशे मीटर चढ धरलीस तर अंतराचा दीड तास नि काही मिनिटं, चढाचा एक तास वीस मिनिटं, मिळून तीन तासांच्या घरात. त्यात आपलं ऊन, घाम आणि दगड धरले की चार. हे झालं नुसतं वर जाण्याचं. धावण्यानं यातली किती मिनिटं कमी होतात ते तुझं तू तपास, पण परतीची वेळ नेहमी चालण्याच्या वेगानं धर. पाय मुरगळला तर चालतच यावं लागणार आहे. हिवाळ्यात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि झाडीत त्याच्या बरंच आधी अंधारतं. त्यामुळे दिवस मावळायच्या तासभर आधी रानाबाहेर, हा नियम मोडायचा नाही. अंधारात बिबट्या फिरतो आणि अभयारण्यात त्या वेळी आपलं काही काम नसतं.

उतार हा सगळ्यात अवघड धडा. चढानं दम जातो, उतारानं मांड्या जातात. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार पेलतात, म्हणून दुसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही. तू रस्त्यावर टाच टाकत लांब ढांगा टाकतेस. घाटात ते बंद. पावलं आखूड आणि भराभर, गुडघे किंचित वाकलेले, अंग पुढे झुकलेलं, हात पसरलेले. मागे रेललीस की पाय पुढे निसटलाच म्हणून समज. मुरूम आणि बारीक खडी असलेल्या घसाऱ्यावर पूर्ण तळवा टेकव. कातळाचा रंग पाहायला शीक. कोरडा राखाडी कातळ पकड देतो. हिरवट-काळा, सावलीतला, ओढ्याजवळचा कातळ ऑक्टोबर-नोव्हेंबरातही शेवाळलेला असतो. चालताना बुटाच्या टोकानं घासून बघ. पाय सरकला तर ती जागा ध्यानात ठेव, तिथं पळताना थांबायचं आहे. सुट्या दगडावर भार टाकण्याआधी तो हलतो का ते बघायची सवयही चालतानाच लागते.

पाण्याचंही तसंच. पावसाळ्यानंतर महिना-दोन महिने ओढे वाहतात, फेब्रुवारीत त्यातले बरेच आटतात, मार्चनंतर भिस्त पाठीवरच्या पिशवीवरच. दोन लिटरपेक्षा कमी पाणी घेऊन घाटात उतरू नकोस. नुसतं पाणी ढोसत राहणंही बरं नाही. घामावाटे मीठ जातं आणि रक्तातलं मीठ उतरलं की भोवळ, मळमळ सुरू होते. तहान लागेल तसं पी, सोबत मीठ-साखरेचं पाणी ठेव, लिंबू-गूळ-शेंगदाणे ठेव. पाकिटं परत आणायची, हे तुला सांगायला नको.

ऋतूविषयी मात्र कडकपणे सांगते. जून ते सप्टेंबर या रानात धावायचं नाही. तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस इथे चार महिन्यांत कोसळतो. धुक्यात हाताच्या अंतरावरचं दिसत नाही, ओढा तासाभरात छातीएवढा होतो, आणि पावसाळ्यात वनखातं धोक्याच्या वाटा आणि धबधबे बंदही करतं. ती बंदी मोडून जाणारे तुला भेटतील, त्यांच्यासोबत जाऊ नकोस. इथल्याच आंबेगाव तालुक्यात 30 जुलै 2014 च्या सकाळी माळीण गावावर डोंगर खचला आणि 151 माणसं गेली. त्या भागातून जाताना वेळ काढून माळीणच्या स्मारकापाशी जा. पिढ्यानपिढ्या तिथं राहणाऱ्यांना जो डोंगर कळला नाही, तो शनिवारी येऊन रविवारी जाणाऱ्या आपल्याला कळला असं कधीही समजू नये. पावसातलं भीमाशंकर पाहायचं असेल तर दिवसा, ओळखीच्या माणसासोबत, चालत. रात्री कुजक्या लाकडावर बुरशी चमकते, तेही गावात मुक्काम करून, वनखात्याला विचारून, जाणत्या माणसाबरोबर बघ.

आता या वाटा कुणाच्या, ते. शर्यतीसाठी म्हणून यातली एकही वाट तयार झालेली नाही. महादेव कोळी समाजाच्या वाड्या या रानात आहेत. हिरडा गोळा करायला, सरपणाला, बाजाराला, कोकणात पाहुण्यांकडे जायला त्यांनी या वाटा पायाखाली ठेवल्या म्हणून त्या आज आहेत. बाळहिरड्याचा हंगाम हा इथल्या घरांचा वर्षाचा आधार. हिरड्याखाली पसरलेल्या फळांवरून पळत जाऊ नकोस. समोरून माथ्यावर मोळी घेतलेली बाई उतरत असेल तर तू थांबायचं. डोंगराच्या अंगाला सरकून उभी राहा, तिचा पाय पुढे पडू दे, मग निघ. तिच्या मानेवर पंचवीस-तीस किलो आहेत, तिला थांबणं आणि पुन्हा तोल सावरणं तुझ्यापेक्षा कितीतरी जड आहे. कुणी म्हातारं माणूस वाटेत भेटलं तर "राम राम" म्हण आणि पुढची वाट विचार. "वर पाणी हाय का, वाट मोडली का," एवढ्या दोन प्रश्नांत तुला जे कळेल ते कुठल्याही फाइलीत नाही. आणि गावातलाच एखादा वाटाड्या पहिल्या फेरीला सोबत घे. त्याचा दिवसाचा मेहनताना आधी ठरव, पूर्ण दे, घासाघीस करू नकोस.

श्रावणातले सोमवार आणि महाशिवरात्र या दिवसांत तिथं धावायला जायचंच नाही. भीमाशंकर ज्योतिर्लिंग आहे. कोकणातून कैक माणसं अनवाणी, पोराबाळांसह याच घाटांनी वर येतात. अरुंद वाटेवर त्यांच्या मधून घुसत जाणं हे धोक्याचं तर आहेच, अदबीचंही नाही. तुझी शर्यत फेब्रुवारीत आहे, तेव्हा पंचांग बघूनच सरावाचे रविवार ठरव.

वाटेचे दुसरे मालक बोलत नाहीत, म्हणून त्यांच्याबद्दल जास्त लिहिते. हे अभयारण्य ज्याच्यासाठी मुख्यतः राखलं गेलं तो शेकरू, आपला राज्यप्राणी. सकाळच्या वेळी वर पाहत चाल. उंच झाडाच्या फांद्यांच्या टोकाकडे काटक्या-पानांचा भला मोठा गोळा दिसेल, ते त्याचं घरटं. एक शेकरू अशी बरीच घरटी बांधतो आणि आलटून पालटून वापरतो. शेपटीसकट मीटरभर लांबीचा हा प्राणी एका झाडावरून दुसऱ्यावर पाच-सहा मीटरची झेप घेतो, आणि जमिनीवर क्वचितच उतरतो. याचा अर्थ असा की झाडांचे शेंडे एकमेकांना लागून राहिले तरच तो जगतो. वाटेचा इथे थेट संबंध येतो. नागमोडी वाटेचं वळण टाळून कुणी सरळ खाली उतरलं की दुसरा त्याच्यामागून उतरतो. पावसात त्या पन्हळीतून माती वाहते, रोपं तुडवली जातात आणि पुढच्या पिढीचं झाड उगवतच नाही. वळणाची दहा मिनिटं वाचवायची नाहीत. शर्यतीत तर वळण तोडणारा बाद होतो, सरावातही तू स्वतःला बाद धर.

कानात काही घालून पळायचं नाही. शेकरूचा खडखडाट, भेकराचं भुंकणं, वानरांचा इशारा यांवरून रानात कोण हललं ते कळतं. कड्याला आग्या मोहोळं लोंबतात. तिथून बोलणं बंद, अत्तर-डिओ नाही, आणि खाली कुठे धूर दिसला तर परत फिर. माश्या उठल्याच तर हात झटकू नकोस, तोंड-डोकं कपड्यानं झाक आणि लांब निघून जा. दगडगोट्यांत फुरसं असतं, ओल्या झाडीत चापडा फांदीवर पानासारखा बसलेला असतो. म्हणून आधाराला फांदी धरण्याआधी ती बघायची. दंश झालाच तर कापणं, चोखणं, करकचून बांधणं यांपैकी काहीही नाही. तो हात-पाय स्थिर ठेवून लवकरात लवकर दवाखाना गाठायचा. नेहमीचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांवर चालतं, चापड्यावर नाही, हे डॉक्टरांशी बोलताना ध्यानात असू दे. साप मारायचा किंवा पकडायचा नाही. जमलं तर लांबून फोटो, तेवढंच.

अभयारण्यात मनाला येईल तसं शिरता येत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली प्रवेशाला परवानगी लागते. वनखात्याच्या नाक्यावर विचार, नाव लिही, शुल्क भर, आणि कुठल्या वाटा खुल्या आहेत ते तिथल्या वनरक्षकाकडून ऐक. एकटीनं जायचं नाही. निदान तिघी-तिघं असा: एकाला लागलं तर एक जवळ थांबेल, एक खाली जाईल. घाटात फोनला रेंज नसते, म्हणून कुठून शिरणार, कुठून बाहेर पडणार आणि किती वाजता फोन करणार हे निघण्याआधी ताईला लिहून पाठव. शिट्टी, डोक्यावरची बॅटरी, चिकटपट्टी, अंग झाकेल एवढं पातळ जॅकेट, हे चांगल्या हवेतही पाठीवर हवं. रेंज मिळाली तर 112.

आता पुढचे तीन महिने असे घालव. नोव्हेंबरात भोरगिरीची वाट चाल, दोन्ही दिशांनी. दिशा बदलली की फाटे वेगळे दिसतात. नोव्हेंबरच्या शेवटी त्याच वाटेवरचे सपाट तुकडे पळ, उरलेलं चाल. डिसेंबरात गणेश घाट चालत चढ आणि चालत उतर. मधल्या वारी सिंहगडाच्या पायवाटेनं चढ-उतार कर, त्यानं मांड्या तयार होतील. जानेवारीत गणेश घाट: खडे टप्पे चालत, पदर धावत, उतार निम्म्या वेगानं. शर्यतीआधीचे दोन आठवडे आराम. आणि शर्यतीचा मार्ग कुठलाही असो, आयोजक परवानगी देतील तर त्याचा अर्धा भाग तरी आधी चालून ये.

प्रत्येक वाटेवर पळण्याआधी स्वतःला हे विचार: फाटे किती, आणि चुकीच्या फाट्याची खूण काय? शेवटचं पाणी कुठे? कुठे हात लागतात? कुठून मधेच बाहेर पडता येईल? वरच्या वाडीत कुणाचं घर ओळखीचं आहे? पाचही उत्तरं न अडखळता आली तर ती वाट तुझी झाली, तिथं बिनधास्त पळ. एकाचं उत्तर अडलं तर त्या दिवशी चाल. तू मजबूत आहेस, तुला वेगाची ओढ आहे, आणि मला ती मोडायची नाही. तुला पन्नाशीतही याच रानात पळताना बघायचं आहे, म्हणून हे सगळं लिहिलं.

येत्या रविवारी भोरगिरी. मी येते तुझ्याबरोबर. पाच वाजता निघू, डबा मी करते, पाणी तू भर.

ताईला आणि दाजींना नमस्कार.

तुझी,
मावशी